ल्हासाची वार्ता: तिबेटचा प्रतिकार आणि पाश्चात्य वृत्तपत्रे

परकीयांचे लिखाण इतिहासाचे साधन म्हणून कसे वापरावे याची शिस्त आपल्या संशोधकांनी फार पूर्वीच घालून दिली आहे. सुरत-राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी शिवाजी महाराजांविषयी लिहिलेली पत्रे आपण टाकून देत नाही. पण ती वाचताना तीन प्रश्न आधी विचारतो. लिहिणारा कोठे उभा होता? त्याला बातमी कोणी दिली? आणि बातमी तशी असण्यात त्याचा नफातोटा काय होता? वखारीच्या खिडकीतून जेवढे दिसले तेवढेच त्या पत्रात उतरले आहे, हे ओळखून मग आपण त्याला प्रमाण मानतो.

आज ज्या विषयाचा विचार आम्ही करणार आहो, त्याला हीच कसोटी लावावयाची आहे. चिनी सत्तेविरुद्ध तिबेटी जनतेने गेली पाऊणशे वर्षे जो प्रतिकार केला, त्याची वार्ता जगाला मुख्यतः पाश्चात्य वृत्तपत्रांतून कळली. ही वार्ता कितपत विश्वसनीय आहे? चीनचे सरकार म्हणते की, हे सारे पाश्चात्यांचे कुभांड आहे. तिबेटचे काही कैवारी त्या वृत्तपत्रांत आलेला प्रत्येक आकडा वेदवाक्य मानतात. आमच्या मते हे दोन्ही पक्ष तपासाचे कष्ट टाळतात. पाश्चात्य पत्रांनी चुका केल्या, काही तर लाजिरवाण्या केल्या. परंतु त्या चुकांचे मोठे कारण तिबेटच्या बंद दारात आहे, आणि त्या दाराच्या फटीतून जी खरी बातमी बाहेर आली तिची किंमत बहुतेक वेळा तिबेटी माणसाने स्वतःच्या देहाने मोजली. हे विधान आता घटनांच्या आधारे पाहू.

प्रारंभीच एक विसंगती नोंदविली पाहिजे. पाश्चात्य बातमीदार ल्हासाला प्रथम पोहोचले ते १९०४ साली, यंगहजबंडच्या इंग्रजी फौजेबरोबर. ‘टाइम्स’चा पर्सिव्हल लँडन आणि ‘डेली मेल’चा एडमंड कँडलर हे त्या स्वारीत होते. ३१ मार्च १९०४ रोजी गुरू या ठिकाणी जुनाट बंदुका व तलवारी घेतलेल्या तिबेटी लोकांवर मॅक्सिम तोफा चालल्या आणि थोड्या वेळात शेकडो तिबेटी मेले. कँडलर स्वतः तलवारीच्या वारांनी जबर जखमी झाला. म्हणजे तिबेटी प्रतिकाराची पाश्चात्य पत्रांत आलेली पहिली मोठी बातमी ही इंग्रजांविरुद्धच्या प्रतिकाराची होती, आणि ती आक्रमकांच्या छावणीतून लिहिली गेली. पाश्चात्य पत्रकारितेच्या हेतूंविषयी चिनी लेखक संशय घेतात तो सर्वस्वी निराधार नाही, एवढे यावरून मान्य केले पाहिजे.

पुढे पाश्चात्य मनात तिबेटची एक दुसरीच मूर्ती तयार झाली. जेम्स हिल्टनची ‘लॉस्ट होरायझन’ ही कादंबरी १९३३ साली आली आणि शांग्रिला हा शब्द घरोघर गेला. हिमशिखरांआड कोठेतरी निर्वैर, निरामय असा देव-देश आहे, ही कल्पना युद्धाने होरपळलेल्या युरोपला फार गोड वाटली. या कल्पनेचा परिणाम बातम्यांवर दीर्घकाळ झाला. तिबेटी माणूस म्हणजे हसतमुख लामा, असे ठरून गेले. त्या देशात जमीनदार सरदार होते, कुळे होती, करांचा बोजा होता, मठामठांत हेवेदावे होते, आणि खाम प्रांतातले लोक पक्के लढवय्ये होते, हे सर्व त्या चित्रातून गळून पडले.

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सेनेने द्रीचू नदी ओलांडून चाम्दो घेतले, तेव्हा साऱ्या तिबेटात एकाही पाश्चात्य वृत्तपत्राचा प्रतिनिधी नव्हता. रॉबर्ट फोर्ड हा तिबेट सरकारच्या नोकरीतला इंग्रज बिनतारी यंत्रचालक चाम्दोत होता, तो कैद झाला आणि १९५५ पर्यंत तुरुंगात राहिला. चाम्दो १९ ऑक्टोबरला पडले. सेनेला तिबेटात जाण्याचा आदेश दिल्याचे चीनने जाहीर केले ते २५ ऑक्टोबरच्या सुमारास. जगाचे लक्ष त्या वेळी कोरियाकडे लागले होते. तिबेटने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेला अर्ज नोव्हेंबरात लांबणीवर टाकला गेला आणि वर्तमानपत्रांतूनही तो विषय मागे पडला. १९५६ साली खाममधील लिथांगच्या मठावर विमानांतून बाँब पडले. एवढी मोठी घटना, पण तिची हकीकत निर्वासितांच्या तोंडून कालिम्पाँगच्या बाजारापर्यंत येईस्तोवर ती अफवेच्या पातळीला पोहोचलेली असे.

हे कालिम्पाँग म्हणजे आपल्या वखारीची खिडकी होय. लोकरीचे तांडे जेथे उतरत त्या गावी व्यापारी, निर्वासित, हेर आणि बातमीदार एकाच चहाच्या दुकानात बसत. ‘डेली टेलिग्राफ’ला बातम्या पाठविणारा स्कॉटिश मिशनरी जॉर्ज पॅटर्सन तेथे राहत होता. त्याला तिबेटी भाषा येत होती आणि खाम प्रांत त्याने पायाखाली घातला होता. खामचा उठाव मध्य तिबेटात पसरतो आहे असे तो लिहीत राहिला. त्याच्या बातम्या अतिरंजित आहेत, अशी ताकीद भारत सरकारने त्याला दिली. १७ मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत जे सांगितले त्याचा आशय असा होता की, तेथे चालले आहे ते शस्त्रांचे युद्ध नसून मनांचा संघर्ष आहे. त्याच रात्री दलाई लामा वेषांतर करून नोर्बुलिंग्का राजवाड्यातून निसटले. २० मार्चला तोफा सुरू झाल्या. यात नेहरूंना दोष द्यावा असा आमचा उद्देश नाही. ल्हासातील भारतीय वकिलातीच्या तारांवर त्यांची भिस्त होती, आणि त्या वकिलातीचे लोकही शहर पेटल्यावर आपल्याच आवारात अडकले होते. पण जवळून पाहणारे सरकार आणि दुरून ऐकणारा बातमीदार यांत कधी कधी दुसराच सत्याच्या अधिक जवळ असतो, हे या प्रसंगावरून दिसते.

१० मार्च १९५९ ला ल्हासात काय घडले? चिनी लष्करी छावणीतील नाट्यप्रयोगाला दलाई लामांनी यावे असे निमंत्रण होते. अंगरक्षकांशिवाय त्यांना नेणार अशी वार्ता शहरात उठली, आणि हजारो लोकांनी राजवाड्याला वेढा घालून आपल्या धर्मगुरूंची वाट अडवली. १२ मार्चला स्त्रियांनी मोर्चा काढला. या साऱ्याचे छायाचित्र पाश्चात्य पत्रांना मिळाले नाही, कारण ते घेणारा त्यांचा माणूसच तेथे नव्हता. दलाई लामा ३१ मार्चला भारताच्या हद्दीत आले आणि १८ एप्रिलला तेजपूरला पोहोचले, तेव्हा मात्र जगभरच्या बातमीदारांची तेथे झुंबड उडाली. शतकातली मोठी बातमी म्हणून तिचा गाजावाजा झाला. परंतु ती बातमी एका तरुण धर्मगुरूच्या साहसी पलायनाची होती. ल्हासाच्या गल्ल्यांत जे लढले आणि मेले त्यांची नावे त्या रकान्यांत आली नाहीत.

त्याच दिवसांत चीनने कालिम्पाँग हे बंडाचे सूत्रचालक ठाणे असल्याचा आरोप केला आणि नेहरूंनी तो नाकारला. मुंबईतही या प्रकरणाचा पडसाद उमटला. २० एप्रिल १९५९ रोजी समाजवादी कार्यकर्त्यांनी चिनी वकिलातीच्या भिंतीवर माओचे चित्र चिकटवून त्यावर टोमॅटो व सडकी अंडी फेकली, आणि चीनने भारत सरकारकडे कडक निषेध नोंदविला. मुंबईच्या समाजवादी चळवळीतील एक कायदेपंडित पुरुषोत्तम त्रिकमदास यांनी मात्र याहून चिकाटीचे काम केले. आंतरराष्ट्रीय कायदेपंडित आयोगाच्या चौकशी समितीचे ते अध्यक्ष होते. समितीने निर्वासितांच्या जबान्या घेतल्या, त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, आणि १९६० च्या अहवालात निष्कर्ष काढला तो असा: तिबेटी लोकांचा धार्मिक समूह म्हणून उच्छेद करण्याची कृत्ये घडली आहेत, परंतु एक वंश वा राष्ट्र म्हणून त्यांचा उच्छेद होत असल्याचा पुरेसा पुरावा नाही. पुरावा जेथे थांबतो तेथे थांबण्याची ही वृत्ती त्या काळच्या मथळ्यांत क्वचितच आढळते. या आयोगाला अमेरिकन गुप्तचर खात्याचा पैसा आडमार्गाने मिळत होता हे पुढे उघडकीस आले. तेही सांगितले पाहिजे, आणि तरीसुद्धा त्या जबान्या वाचल्या पाहिजेत.

नफातोट्याचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. पाश्चात्य पत्रे तिबेटविषयी अतिशयोक्ती करतात असा आरोप नेहमी होतो, पण त्यांनी पाळलेल्या मौनाकडे फारसे कोणी पाहत नाही. अमेरिकेने कोलोराडो राज्यातील कँप हेल येथे तिबेटी लढवय्यांना गुप्तपणे युद्धशिक्षण दिले. डिसेंबर १९६१ मध्ये त्यांना घेऊन जाणारी गाडी बर्फामुळे उशिरा पोहोचली, उजाडल्यावर विमानतळावरील काही नागरिकांच्या दृष्टीस हे लोक पडले, आणि सैनिकांनी त्या नागरिकांना बंदुकीच्या धाकाने अडकवून ठेवले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या हाती ही बातमी लागली. अमेरिकन संरक्षण खात्याकडून शब्द आला आणि पत्राने ती छापली नाही. वाचकांना हा प्रकार कळावयास पुढे दहाबारा वर्षे लागली, तोवर अमेरिकेने चीनशी सूत जमविले होते आणि तिबेटी लढवय्यांची मदत बंद झाली होती. तिबेटी लोकांनी शस्त्र धरले ते स्वतःच्या कारणासाठी, परक्याच्या पैशासाठी नव्हे. पण परक्याचा पैसा त्यात होता ही गोष्ट शांग्रिलाच्या चित्रात बसत नव्हती आणि वॉशिंग्टनलाही अडचणीची होती. पॅटर्सन पुन्हा १९६४ साली दोघा चित्रपटकारांसह नेपाळच्या बाजूने लढवय्यांबरोबर तिबेटात शिरला आणि एका हल्ल्याचे चित्रण घेऊन आला. प्रत्यक्ष लढ्याचा असा पुरावा त्या काळात दुर्मिळच होता.

‘पाश्चात्य पत्रे’ असे एकजिनसी काही नसते, हेही विसरता कामा नये. ‘डेली वर्कर’चा ॲलन विनिंग्टन १९५५ साली ल्हासाला जाऊन आला. ॲना लुईस स्ट्राँग ही अमेरिकन लेखिका १९५९ च्या उठावानंतर चिनी सरकारच्या पाहुणचारात तेथे गेली, आणि गुलाम मुक्त झाले अशी ग्वाही तिने दिली. गेल्डर दांपत्याने १९६४ साली त्याच सुरात पुस्तक लिहिले. यांचे सगळेच लिखाण खोटे होते असे नाही. जुन्या व्यवस्थेतील वेठबिगारीची जी वर्णने त्यांनी केली त्यांत तथ्य होते. पण ज्यांना यजमान घेऊन जातो त्यांना यजमान दाखवील तेवढेच दिसते, आणि शेजारी उभ्या असलेल्या अधिकाऱ्यासमोर कोणता तिबेटी माणूस मन मोकळे करील?

आकड्यांची कथा तर अधिकच उद्बोधक आहे. चिनी राजवटीत १२ लाख तिबेटी मेले, हा निर्वासित सरकारने दिलेला आकडा पाश्चात्य पत्रांनी वर्षानुवर्षे न तपासता छापला. पॅट्रिक फ्रेंच हा इंग्रज लेखक तिबेटच्या चळवळीतलाच होता. त्याने धरमशाला येथे जाऊन ज्या कागदांवर हा आकडा उभारला होता ते स्वतः पाहिले. त्यांत नोंदींची पुनरुक्ती होती, स्त्रियांची नावे अगदी थोडी होती, आणि एकूण आकडा त्यातून सिद्ध होत नव्हता. २००३ साली त्याने हे प्रसिद्ध केले. स्वतःचा अंदाज त्याने सुमारे पाच लाखांपर्यंतचा दिला. कित्येक मित्र यामुळे दुखावले. आमच्या मते तिबेटची सेवा त्याने केली ती अशी: पाच लाख ही संख्या काही लहान नाही, आणि आकडा तपासून घेतला म्हणजे शत्रूला तो खोडून काढण्याची संधी राहत नाही.

१९८० नंतर चीनने तिबेट पर्यटकांना खुले केले, आणि बातमीचा मार्गच बदलला. २७ सप्टेंबर १९८७ रोजी द्रेपुंग मठाच्या भिक्षूंनी जोखांग मंदिराभोवती घोषणा देत फेऱ्या घातल्या. १ ऑक्टोबरला पकडलेल्या भिक्षूंना सोडविण्यासाठी जमावाने पोलीस ठाणे पेटविले, गोळीबार झाला, माणसे मेली. या वेळी शहरात परदेशी प्रवासी होते. डॉक्टर, वकील, विद्यार्थी असे हे लोक. त्यांनी छायाचित्रे घेतली, जखमींची शुश्रूषा केली, टिपणे लिहून बाहेर धाडली. धावून आलेल्या बातमीदारांना थोड्याच दिवसांत हाकलून देण्यात आले, पण साक्षीदार निर्माण झाले होते. त्यांतूनच लंडनला तिबेट माहिती केंद्र उभे राहिले. नावनिशी, तारीख, मठ, तुरुंग अशा शुष्क नोंदी ते प्रसिद्ध करी, आणि वृत्तपत्रे तिच्यावर विसंबू लागली. मार्च १९८९ मध्ये पुन्हा दंगल उसळली तेव्हा ल्हासात लष्करी कायदा पुकारला गेला आणि सर्व परदेशी लोकांना बाहेर काढले गेले. साक्षीदाराची भीती किती असते ते यावरून समजावे.

एका कॅमेऱ्याचे सामर्थ्य किती, हे ३० सप्टेंबर २००६ रोजी नांगपा ला या खिंडीत दिसून आले. नेपाळकडे बर्फातून रांगेने चाललेल्या निर्वासितांवर चिनी सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि केलसांग नामत्सो ही सतरा वर्षांची भिक्षुणी मेली. हल्ला झाल्यामुळे सैनिकांनी स्वसंरक्षण केले, असे चिनी वृत्तसंस्थेने सांगितले. पण जवळच गिर्यारोहकांचा तळ होता आणि एका रुमानियन छायाचित्रकाराने तो प्रसंग टिपला होता. त्यात पाठमोऱ्या, नि:शस्त्र माणसांची रांग आणि दुरून बंदुकीचा नेम धरलेले सैनिक स्पष्ट दिसत होते. सरकारी निवेदनाचे पुढे कोणी नाव घेतले नाही.

आणि तरीही दीड वर्षाच्या आत पाश्चात्य पत्रकारितेने आपली पत घालविली. १४ मार्च २००८ ला ल्हासात दंगल झाली. तिबेटी जमावाने हान व हुई लोकांच्या दुकानांवर हल्ले केले. एका कापडाच्या दुकानात पाच तरुण मुली जळून मेल्या, त्यांतली एक तिबेटी होती. युरोप-अमेरिकेतील काही वाहिन्यांनी व संकेतस्थळांनी काय केले? काठमांडूत भिक्षूंना मारणाऱ्या नेपाळी पोलिसांची चित्रे चिनी अत्याचार म्हणून दाखविली. ‘सीएनएन’ने वापरलेल्या एका चित्रातून दगड फेकणाऱ्यांचा भाग कापला गेला होता. दोन जर्मन वाहिन्यांनी चूक कबूल केली. पण बीजिंगच्या तरुणांनी या चुका गोळा करून स्वतंत्र संकेतस्थळ काढले, आणि कोट्यवधी चिनी लोकांची खात्री पटली की तिबेटविषयीचे सारेच खोटे आहे. चुकीच्या चार चित्रांनी खऱ्या शंभर साक्षी बाद ठरविल्या.

त्या दिवशी परवानगी घेऊन ल्हासात असलेला एकमेव पाश्चात्य बातमीदार ‘इकॉनॉमिस्ट’चा जेम्स माइल्स होता. त्याने जे पाहिले ते लिहिले: तिबेटी जमावाने वंश पाहून केलेली जाळपोळ, आणि तिला आवर न घालणारे पोलीस. गोळीबारात किती मेले हे त्याने पाहिले नव्हते, आणि पाहिल्याचा आवही त्याने आणला नाही. चीनने १९ मृतांचा आकडा दिला, निर्वासित सरकारने पुढे दोनशेच्या वरचा. या दोहोंमधील अंतर भरून काढणारा निःपक्ष साक्षीदार आत जाऊ दिला गेला नाही. २७ मार्चला निवडक पत्रकारांना सरकारी देखरेखीखाली जोखांग मंदिरात नेले असता सुमारे तीस तरुण भिक्षू मधेच घुसले, आणि आम्हांला स्वातंत्र्य नाही असे रडत सांगू लागले. पत्रकार विमानाने परत गेले. भिक्षू तेथेच राहिले. त्याच वर्षी धोंडुप वांगचेन याने सामान्य तिबेटी लोकांच्या मुलाखती चित्रित करून बाहेर पाठविल्या. त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली.

या विषयाचा गाभा आम्हांला येथे दिसतो. ताशी वांगचुक हा युशू गावचा दुकानदार. शाळांतून तिबेटी भाषा शिकवावी, चीनच्याच राज्यघटनेने दिलेला हक्क मिळावा, एवढे त्याचे मागणे. २०१५ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या चित्रफितीत तो उघड्या चेहऱ्याने बोलला. जानेवारी २०१६ मध्ये तो पकडला गेला. तीच चित्रफीत न्यायालयात त्याच्याविरुद्ध पुरावा झाली, आणि पाच वर्षे तुरुंगात काढून तो २०२१ साली सुटला. २००९ पासून दीडशेहून अधिक तिबेटींनी स्वतःला जाळून घेतले, त्यांतल्या ऐंशीहून अधिक जणांनी २०१२ या एकाच वर्षी. ट्युनिसियात १७ डिसेंबर २०१० ला मोहम्मद बुअझीझी या एका फेरीवाल्याने पेटवून घेतले आणि ते चित्र जगभर गेले. तिबेटमधील ज्वाला आतल्या पानावरील चार ओळींत विझल्या. कारण तेथे बातमीदार पोहोचू शकत नव्हता, आणि ज्यांनी मोबाइलवरून चित्र बाहेर पाठविले त्यांतल्या कित्येकांना कैद झाली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये देर्गे येथे धरणाविरुद्ध लोक रस्त्यावर आले, भिक्षूंनी अधिकाऱ्यांपुढे गुडघे टेकले. ही वार्ताही अशाच लहान चित्रफितींतून बाहेर आली, आणि ‘बीबीसी’ने ती पडताळून सविस्तर दिली ती त्या वर्षाच्या डिसेंबरात. अशा फिती गोळा करण्यात तिबेटी भाषेतील ‘रेडिओ फ्री एशिया’चा वाटा मोठा होता. ते केंद्र अमेरिकन सरकारच्या पैशावर चाले. २०२५ साली त्या सरकारने हात आखडला आणि ऑक्टोबरअखेर त्याचे वृत्तकार्य थांबले. दुसऱ्याच्या तिजोरीवर उभी असलेली खिडकी त्या मालकाच्या मर्जीने बंद होते, हे कँप हेलच्या लढवय्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच अनुभवले होते.

मग आपल्यासारख्या वाचकांनी करावे काय? तिबेटच्या बातमीला वखारीच्या पत्रांचे तेच तीन प्रश्न विचारावेत. आकडा आला तर तो कोणी मोजला हे पाहावे. चित्र आले तर ते कोणत्या शहरातले आहे ते पाहावे. बातमी अनेक दिवस आलीच नाही तर तेथे शांतता आहे असे समजू नये. दार लागलेले असण्याचा संभव अधिक. आणि चीनच्या सरकारला एक साधा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणत्याही देशाच्या नागरिकाला आहे. पाश्चात्य पत्रे खोटे लिहीत असतील तर बातमीदारांना, मग ते लंडनचे असोत की पुण्याचे, ल्हासात मोकळेपणी फिरू देण्यास हरकत कोणती? निर्दोष मनुष्य साक्षीदाराला घाबरत नाही. तोवर जी वार्ता येईल ती अपुरी असेल, क्वचित चुकीचीही असेल. परंतु ती आपल्यापर्यंत पोहोचविताना कोणीतरी पाच-सहा वर्षे तुरुंगात घालविली असण्याचा संभव आहे, एवढे स्मरून ती वाचावी, आणि तपासूनच पुढे सांगावी.